सॉर्ट आउट म्हणजे मिटलं

“काय म्हणाली?” टपालरावांनी फोन ठेवायच्या आतच बायकोने विचारलं.

“म्हणाली, बाबा, काळजी करू नका, आम्ही दोघांनी सगळं सॉर्ट आउट केलंय.”

“म्हणजे?”

टपालराव हसले. त्यांची उभी हयात टपाल खात्याच्या सॉर्टिंगच्या खोलीत गेली होती. टपालराव हे नावही त्यांना तिथेच चिकटलं. हा शब्द त्यांना कुणी शिकवायला नको होता.

“अगं, ढिगातलं पत्र उचलायचं, ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायचं. ढीग संपला की झालं सॉर्ट. मिटलं म्हण ना!”

“मग मिटलं असं का नाही म्हणाली?”

“आजकाल मिटलं कोण म्हणतं? परवा तो नळवालासुद्धा म्हणाला, काका, सॉर्ट आउट झालं.”

“नळ अजून गळतोय.”

“तो भाग वेगळा.”

लेक आणि जावई यांच्यातली कुरबूर गेलं वर्षभर दोघांच्या जिवाला लागली होती. आता जीव भांड्यात पडला. बायकोने हौसेने डबल बेडची चादर घेतली, आणि रविवारी सकाळी, न कळवताच, दोघं लेकीच्या दारात उभी राहिली.

दार उघडलं लेकीनेच. हातात चिकटपट्टी. मागे खोलीभर खोकी, अर्धी या भिंतीला, अर्धी त्या भिंतीला. मधून जेमतेम वाट.

“घर बदलताय होय?” टपालराव म्हणाले. “बोलली नाहीस ती!”

“बाबा, फोनवर सांगितलं ना, सॉर्ट आउट केलंय म्हणून.”

“हो. म्हणजे मिटलं.”

“मिटलंच. भांडण मिटलं. त्याचं सामान तिकडे, माझं इकडे. आम्ही वेगळे होतोय, बाबा. कुणाची कुणावर तक्रार नाही.”

बायकोने चादरीची पिशवी पायाने हळूच दारामागे सारली.

टपालराव एका खोक्यावर टेकले. भांडण मिटल्यावर माणसं वेगळी होतात, हे गणित त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांचं आणि बायकोचं एकही भांडण कधी धड मिटलं नव्हतं; म्हणूनच बहुधा रोज सकाळी पुढचं बोलायला विषय असायचा.

“मग मिटलं नसतं, तर राहिला असतात एकत्र?” त्यांनी विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

लेक हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला. “बहुतेक. भांडत होतो तोवर काहीतरी होतं.”

“चूक कुणाची पण?” बायको म्हणाली.

“कुणाचीच नाही गं, आई.”

“अरे देवा! मग मी रागवू कुणावर?”

तेवढ्यात आतून जावई आला, अंगावर धूळ, हातात कपाटाचा रिकामा खण. “बाबा, कधी आलात? पाणी तरी दिलं का हिने?”

टपालराव त्याला चार शब्द सुनावणार होते. पण पाणी विचारणाऱ्या माणसाला काय सुनावणार?

खाली टेम्पो केव्हाचा भोंगा वाजवत होता. हमालाचा पत्ता नव्हता, आणि जावयाचं पुस्तकांचं कपाट एकट्याने हलवण्यासारखं नव्हतं. जावई नुसताच त्याभोवती घुटमळत राहिला. टपालराव उठले, बाह्या सारल्या, आणि त्यांनी एक बाजू धरली.

“बाबा, नको, तुमचा गुडघा—”

“धरा हो, जावईबापू,” ते म्हणाले. सवयीने निघून गेलं तोंडातून. मग जावयाने दुसरी बाजू उचलली.

जिन्यात फक्त कामाचं बोलणं झालं. डावीकडे घ्या. जरा तिरकं. कठडा सांभाळा. मधल्या वळणावर दोघांनी कपाट टेकवलं आणि एकमेकांकडे न बघता दम खाल्ला. “आता सोडा तुम्ही,” जावई म्हणाला. टपालरावांनी सोडलं नाही. पार टेम्पोत चढवेपर्यंत सोडलं नाही.

दोरी बांधून झाली. जावई पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

“येतो, बाबा.”

“या,” टपालराव म्हणाले. “सावकाश या.”

टेम्पो निघाला. खड्ड्यागणिक कपाटाचं दार किंचित उघडत होतं, मिटत होतं. टपालरावांनी हात अर्धा वर केला, आणि गाडी वळेपर्यंत तो तसाच ठेवला.