तेरावा बार

मी एक जुनी ऐरण आहे. माझ्या शिंगाचं, म्हणजे पुढच्या निमुळत्या चोचीचं, टोक तुटलेलं आहे. गावच्या अग्निशमन केंद्राचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून हल्ली मला दाराशी टेकवून ठेवतात. येणारे-जाणारे म्हणतात, "हिला भंगारात द्या की!" मित्रांनो, त्यांना कोण सांगणार, की ही बाई एकेकाळी आभाळात उडाली होती!

मी समुद्रापलीकडच्या भट्टीत घडले. जहाजातून, मग बैलगाडीतून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात एनॉस पिकेट लोहाराकडे आले. तिथे एक थोरली ऐरण आधीच ठाण मांडून होती. आम्हा दोघींच्या अंगावर गावाचे नाल, फाळ, बिजागऱ्या घडल्या. एनॉस रोज संध्याकाळी मला तेलाच्या फडक्याने पुसायचा. काय ते लाड!

मग इंग्रजांच्या राजाशी लढाई जुंपली. एका वसंतात सुया-दोरे विकणारा फेरीवाला आला आणि म्हणाला, "स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला फिलाडेल्फियात काय थाट होता! तेरा राज्यांच्या नावाने तोफांचे तेरा बार, आणि रात्री तेरा अग्निबाण!"

गाव हळहळलं. आमच्याकडे कुठली तोफ आणि कुठले बाण! पण एनॉस मिशीतल्या मिशीत हसला. "तोफ नसली तर नसो. ऐरणी आहेत ना!"

स्वातंत्र्याच्या वाढदिवसाची, चार जुलैची सकाळ उजाडली. थोरलीला कुरणात उलटं ठेवलं, तिच्या पोटाच्या खळग्यात बंदुकीची दारू भरली आणि वर मला बसवलं. एनॉसने पहिल्या राज्याचं नाव पुकारत लांब सळईचं तापलेलं टोक लावलं. "मॅसॅच्युसेट्स!" धडाम! मी सफरचंदाच्या झाडाएवढी उंच उडाले. मित्रांनो, जन्मभर घाव खाल्लेल्या मला त्या दिवशी लोहारशाळेचं छप्पर वरून दिसलं. एनॉस दर पावसात शोधायचा ते भोकसुद्धा दिसलं!

गावात लोक राज्याराज्यांतून आलेले. ज्याच्या राज्याचा बार, तो टोपी उडवून नाचायचा. एनॉस कनेक्टिकटचा. आपल्या राज्याच्या वेळी त्याचा हात जरा सैल सुटला, आणि बारा बार होताहोताच दारूच्या पिंपाचा तळ दिसला. राहिलं एकच राज्य, ऱ्होड आयलंड. तिथली टॅबिथा म्हातारी पहाटेपासून साऱ्या गावासाठी फळांचं सारण भरलेले गोड ‘पाय’ भट्टीत भाजून आली होती. पदरी एकुलता एक मुलगा, सायलस. तो सैन्यात होता, आणि हिवाळ्यापासून त्याचं पत्र नव्हतं.

"आमचं राज्य लहान, म्हणून शेवटी ठेवलंत होय रे? आणि शेवटी बुडवलंतच!"

"बुडवलं नाही मावशी, दारू संपली."

"कनेक्टिकटला बरी पुरली!"

लोक खो-खो हसले. एनॉसचे कान लाल झाले. कुणीतरी म्हणालं, "बारा काय नि तेरा काय, मोजतंय कोण?"

"मी मोजतेय," म्हातारी म्हणाली. "माझा सायलस तिकडे बाराच राज्यांसाठी लढतोय का रे?"

हसू जागच्या जागी विरलं. आता सगळ्यांची नजर फिनीअस शिकाऱ्याच्या खांद्यावर गेली. तिथे बंदुकीच्या दारूने भरलेलं बैलाचं शिंग लटकत होतं.

"माझ्याकडे बघू नका हं," तो गुरकावला. "हिवाळ्यात हरणं काय टाळ्या वाजवून मारू?"

टॅबिथाने वाद घातला नाही. इतरांना दिला तसाच ‘पाय’चा एक तुकडा त्याच्याही हातावर ठेवला. "खा. भांडण वेगळं, भूक वेगळी."

फिनीअसने अर्धा तुकडा खाल्ला. मग उरलेल्या तुकड्याकडे आणि म्हातारीकडे आळीपाळीने पाहिलं. शेवटी त्याने शिंग काढून तिच्या हातात दिलं. "घे गं बाई! पण हिवाळ्यात जेवायला मी तुझ्याच दारात येणार."

"ये की, मेल्या! नाही म्हटलंय कुणी?" म्हणत तिने सगळं शिंग खळग्यात रिकामं केलं. सगळं!

"ऱ्होड आयलंड!"

असा बार मी पुन्हा कधी ऐकला नाही. मी गरगरत इतकी वर गेले की खाली माणसं मसुराएवढी झाली, आणि उतरले ती थेट खडकावर. माझ्या शिंगाचं टोक तुटून पडलं. कुणाचं लक्षच नव्हतं. टॅबिथा दोन्ही हात उंचावून ओरडत होती, "सायलस, ऐकलंस का रे!" आणि फिनीअस तिच्याभोवती नाचत होता. मग तिने माझ्या शिंगाचा तो तुकडा उचलून एप्रनच्या टोकाला बांधला.

पुढच्या वसंतात सायलस लंगडत का होईना, पण घरी आला. लोहारशाळेत येऊन माझ्या तुटक्या शिंगावरून त्याने हात फिरवला. म्हणाला, "आई सांगते तो माझा बार हिनेच उडवला ना?" एवढं कौतुक मला उभ्या आयुष्याला पुरलं.

पुढे गावात रंगीत बाण आले. त्यांच्यापुढे मला कोण विचारणार! राग नाही माझा. फक्त मित्रांनो, दारूशी तुम्ही खेळू नका. आमच्या एनॉसचीसुद्धा एक भुवई गेली ती गेलीच. आणि सवड झाली तर माझ्या गंजावरून तेलाचं फडकं फिरवा.

दर चार जुलैला आभाळ उजळतं, गाव "आहा!" म्हणतं. दाराशी बसल्याबसल्या मी अजून बार मोजते. आणि तेरावा झाला, की मगच हसते.