सालाचं ताट

"माय, मी काय म्हनस, त्या सुपडूले जेवाले बसाडाना पहिले इचारी ले. एवढंच." हेमकांत ओसरीवरून पुन्हा म्हणाला.

तापीबाईंनी आंबा पिळता पिळता मान वर केली नाही. आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा दिवस. पितरांच्या नावाने विस्तवावर आगारी टाकून झालेली, सून दीपमाला खापरावरच्या पुरणपोळ्या दुरडीत रचत होती, आणि लेकाला आजच चौकशीचा उमाळा आला होता.

"काय इचारू?"

"मांगना साल कोठे व्हता, काम का सोडं, पोलीस केस शे का. आमना हापिसमा साधा शिपाई ठेवना तरी पोलीस ठानाना दाखला मांगतस."

"तुन्हा हापिसमा तिजोरी शे."

"आपला मळामा पानीनी मोटर शे, केबल शे. अन् भूमिका एकटी मळामा जास."

नातीचं नाव निघालं तशी तापीबाईंनी हातातली कोय बाजूला टाकली. लेक काही वावगं बोलत नव्हता. तो रोज नंदुरबारला नोकरीला जाणार, मग केळीचा मळा सालदाराच्या, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्याच भरवशावर. जुना सालदार गोवाल सुरतेकडे गेला, तेव्हापासून मळ्याला वाली नव्हता.

त्यांच्या घरी सालदाराचं वर्ष आखाजीला संपायचं आणि आखाजीलाच सुरू व्हायचं. कागद नाही, अंगठा नाही. नव्या माणसाला जेवायला बोलवायचं, मालकाने त्याच्या शेजारच्या पाटावर बसायचं. मालकाने पहिला घास घेतला आणि सालदाराने दुसरा, की साल ठरलं. एकदा ठरलं की मागचं उकरायचं नाही, ही सासऱ्यांची शिस्त. त्यांच्यामागे तापीबाईंच्या नवऱ्याने ती पाळली, नवऱ्यामागे त्या पाटावर हेमकांत बसू लागला.

तापीबाईंनी हीच पळवाट धरली होती. काल संध्याकाळी सुपडू काम मागायला आला. त्या घरातून पाणी घेऊन येईतो, दाव्यात पाय अडकलेलं वासरू त्याने सोडवलं होतं आणि त्याच्या खुराला लागलंय का ते वाकून बघत होता. माणूस त्यांच्या मनात भरला. 'मांगना साल कोठे व्हता?' एवढं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तर त्याची नजर खाली गेली. बाईंनी तो प्रश्न गिळून टाकला आणि म्हणाल्या, "सकाय आखाजीले जेवाले ये." आता एकदा घास पोटात गेला, की हेमकांतची चौकशी राहिली दारात उभी. म्हातारीला आपल्या हुशारीचं कौतुकही वाटत होतं.

सुपडू आला तो धुतलेला सदरा घालून, दाढी करून. पाय धुऊन दाखवलेल्या पाटावर बसला. शेजारी मालकाचा पाट मांडलेला. दीपमालाने दोन्ही ताटं वाढली. पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी. हेमकांत अजून खांबाला टेकून उभाच होता.

"बस ना रे भाऊ," तापीबाई लेकाला म्हणाल्या. त्यांना घाई झाली होती.

तेवढ्यात सुपडूच बोलला. "मोठी माय, ताटले हात लावाना पहिले एक सांगनं शे."

"जेवन व्हई जाऊ दे. मंग सांग."

"नही माय. मंग उपेग नही." त्याने हात मांडीवर ठेवले. "मी जेलमा जाई उनू शे. धानोराकडे सालदार व्हतू, तठला मालकनी पानीनी मोटर मी चोरी. इकी टाकी."

पोळीवर तुपाची धार धरलेला दीपमालाचा हात थांबला. हेमकांतने आईकडे पाहिलं.

"काय अडचन व्हती?" तापीबाईंनी विचारलं. काहीतरी कारण असेल, पोर आजारी असेल, बायको अडली असेल, अशी त्यांना आशा होती.

"काहीच नव्हती. पोर धडधाकट, बायको बी चांगली. मोह व्हयना माय. दुसरं काही नही."

"मंग न सांगता जेवी लेता. तुले कोन इचारत व्हतं?"

"तेच ना. कोनीच इचारत नही. मी दोन ठिकाने असाच राहिनू. मंग कोनीतरी येस, मालकना कानमा सांगस, अन् अर्धा सालमाच बिऱ्हाड उचलनं पडस. मन्ही काजलनी शाळा दोनदा सुटनी. रातले मळामा गाडी उनी तरी मन्ही बायको उठी बसस." त्याने हेमकांतकडे पाहिलं. "हाकलनं व्हई ते आजच हाकला. पन ठेवनं व्हई ते एक साल पुरं व्हऊ द्या."

तापीबाईंना आतून लाज वाटली. न विचारणं म्हणजे माया, असं त्या कालपासून समजत होत्या. त्या मायेखाली हा माणूस वर्षभर जीव मुठीत धरून राहिला असता, आणि त्यांना पत्ताही लागला नसता.

हेमकांत शांतपणेच म्हणाला, "सांगं ते चांगलं कयं दादा. मी तुले वाईट नही म्हनत. पन मोटरना भरोसा कसा धरू? तू जेवी ले पोटभर. सालनं मांगून दखूत."

"मंग हाई ताट पाहुनानं शे का सालनं?" सुपडूने विचारलं. "पाहुनानं व्हई ते मी घर जाई जेवस. पोर वाट दखी ऱ्हायनी."

हेमकांत अंगणात उतरला. निंबाच्या फांदीला झोका बांधला होता, त्यावर भूमिका बसली होती. तो तिच्यामागे उभा राहून हळूहळू झोका देऊ लागला. मालकाच्या पाटावर कोणी नव्हतं आणि वाढलेल्या ताटातली पोळी निवत चालली होती. सुपडू गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला.

"बस," तापीबाई म्हणाल्या.

त्यांनी रसाचे हात धुतले, पदराला पुसले. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या बाप्यांच्या आधी कधी जेवल्या नव्हत्या, पंगतीत तर नाहीच. गुडघे दुखत होते, तरी भिंतीला धरून त्या मालकाच्या पाटावर बसल्या. दीपमाला बघत राहिली. मग पुढे होऊन तिने सासूच्या गार पोळीवर गरम पोळी वाढली आणि तूप सोडलं.

"सालनं शे," तापीबाई म्हणाल्या. "अन् कोनी मन्हा कानमा सांगाले उनं, ते मी सांगसू, मले ठाऊक शे."

सुपडू खाली बसला. त्याने ताट जवळ ओढलं, पण हात लावला नाही. डोळे भरून आले होते, ते त्याने सदऱ्याच्या बाहीने पुसले. तरीही तो जेवेना. आता याला आणखी काय सांगायचं राहिलंय, असं तापीबाईंच्या मनात आलं, आणि मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. तो त्यांच्यासाठी थांबला होता. पहिला घास मालकाचा.

जन्मभर दुसऱ्यांची ताटं रिकामी व्हायची वाट पाहिलेल्या त्या बाईला क्षणभर कसंसंच झालं. मग त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि तोंडात घातला.