नागसेनची कुंची

धुरपताबाई राखेने पाटा घासत होती. सकाळपासून ही तिसरी खेप.

"पाट्याची सालटी काढतीस का काय आता?" शेजारची चांगुणाबाई दारातून हसली.

"हसू नगं. दाण्याचा एक कण ऱ्हायला तरी लेकराच्या जिवावर बेतंल. आज माझा नागसेन यायलाय."

चांगुणाबाईलाच काय, सगळ्या बोरी गावाला ठाऊक होतं. मागच्या, म्हणजे पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात धुरपताबाईने दीड वर्षाच्या नातवाला कौतुकाने गूळ-शेंगदाण्याचा लाडू भरवला. आजीने लाडू भरवू नये तर काय भरवावं! घटकाभरात पोराच्या अंगावर गांधी उठल्या. पित्त उठलं, दुसरं काय असणार, म्हणून रीतीप्रमाणे त्याला घोंगडीत गुंडाळून ती मांडीवर घेऊन बसली. तिची सून सुमन हिने घोंगडी ओढून काढली तेव्हा पोराचे ओठ सुजले होते आणि छातीत घरघर चालली होती. जिंतूरला जाणारी मालमोटार मिळाली म्हणून लेकरू वाचलं. "शेंगदाणा या पोराचा वैरी आहे," डॉक्टरांनी बजावलं, "दाण्याच्या हातानं त्याचा घाससुद्धा कालवू नका."

तेव्हापासून सुमन पोराला घेऊन जिंतूरहून इकडे फिरकली नव्हती. धुरपताबाईचा तिच्यावर राग नव्हता. रागवायचं कोणत्या तोंडाने? तिने गावातल्या भगवानरावांकडचं शेंगा फोडायचं काम सोडलं, कालवणात तिळाचा कूट घालायला लागली, तेलही करडीचं आणलं. ती घोंगडी देऊन टाकली. मांडी मात्र रिकामी ती रिकामीच. पोराच्या भारासाठी ती आसुसली होती.

दुपारच्या एसटीने मुलगा चंद्रभान आला. एकटाच.

"जयभीम, माय. सुमन निघालीच व्हती. पिशवी बी भरली. मंग म्हणली, लय भेव वाटायलंय."

"बराबर हाय तिचं." धुरपताबाई म्हणाली. "पोरगं कसं हाय?"

"घरभर पळायलंय. हे दिलंय तिनं." त्याने पिशवीतून कुंची काढली. लाल खणाची, आजीनेच शिवलेली. "त्याला बारकी व्हायलीय. या मापापक्षा मोठी पायजे, अन् आत्याबाईच्याच, तुझ्याच हातची पायजे म्हणली."

धुरपताबाईने हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. अंगणात जाऊन तिने राखेने कोपरापर्यंत हात घासले, दोन तांबे पाणी ओतून घेतलं आणि पदराला न पुसता उन्हात धरून वाळवले. मग आत येऊन तिने ओंजळ पुढे केली.

"दे आता."