उकडलेल्या बटाट्याला फेस येत नाही

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि मी वहीतून मान वर केली. पहाटेपासून पाठाची टिपणं काढत बसले होते. सासूबाई कधी उठल्या, ते कळलंच नव्हतं.

"आत्याबाई, काय शिजायलंय?"

"तुझे बटाटे," सासूबाई म्हणाल्या. "सोमवार हाय. उपाशी पोटी साळंत जायलीस, म्हनून उकडले."

"तिन्ही?"

"मंग? एक कुनासाठी ठिवू?"

मायेनंच केलं होतं त्यांनी. पण ते बटाटे आठवीच्या पाठासाठी होते, आणि कच्चेच लागणार होते. आज तपासणीचे साहेब वर्गात बसणार होते, आणि माझी नोकरी कायम होणं त्यांच्या शेऱ्यावर होतं. राणीसावरगावात बटाटे मिळायचे ते बाजाराच्या दिवशीच.

दवाखान्यातून मागून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड उकडलेल्या फोडीवर टाकून पाहिलं. ढिम्म. फेस यायला पेशीतलं विकर, म्हणजे एन्झाइम, शाबूत लागतं. उकळलं की ते बिघडतं.

मग खुंटीवरची मटकीची पुरचुंडी दिसली. मोड चांगले आले होते. चार दाणे चुरडून वर थेंब टाकले, तर फसफसून फेस वर आला.

"अगं बया, उतू चाललं की!" सासूबाई मागं सरकल्या. "आन् बटाटे?"

"तेही नेते."

"खायला ने. न्हाईतर साहेबालाच चारशील."

सासूबाईंना खुरपायला जायचं होतं, म्हणून माझी पाच वर्षांची लेक रुख्मी माझ्यासोबत आली आणि वर्गात मागं बसली.

मी मुलांना सांगितलं, "आपल्या पेशी काम करतात, तेव्हा त्यांच्यात हे पेरॉक्साइडचं विष थोडं थोडं तयार होतं. विकर लगेच त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं." एका परीक्षानळीत चुरडलेली मटकी, दुसरीत बटाटा घालून दोन्हींत पेरॉक्साइड ओतलं. मटकीच्या नळीत विझत आलेली उदबत्ती धरली, ती भडकली. बटाट्याच्या नळीत तशीच विझली. "उष्णतेनं यातलं विकर बिघडलंय."

साहेबांनी वही मिटली. "बटाटा मुद्दाम उकडून आणलात, छान केलंत बाई. नाव कायमसाठी पाठवतो."

"सासूबाईंनी उकडला, साहेब."

पोरं हसली. साहेब उठले. तेवढ्यात मागून रुख्मी म्हणाली, "आई, ते माझ्यात बी हाय का?"

"आहे की."

"मंग मला ताप आलता, तवा ते बिघडलं का?"

"नाही गं. तेवढ्यानं नाही बिघडत."

साहेब दारातच थांबले होते.

"मंग केवढ्यानं बिघडतंय?" रुख्मीनं विचारलं.