संपतची कॅसेट वाजवू नये

त्या गुरुवारी जग बुडालं असतं तर सगळ्यांत जास्त फायदा संपतचा होता. एवढा अमेरिकेचाही नव्हता आणि रशियाचाही नव्हता. पाच वर्षांचं ओझं त्याने दुपारी उतरवलं होतं, आणि ते उचलून बघायला कुणी उरलंच नसतं.

साल एकोणीसशे त्र्याहत्तर, ऑक्टोबरची पंचवीस तारीख. कतारमध्ये उम्म सईदला, म्हणजे हल्लीच्या मेसईदला, खताच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे टाइमकीपर होतो. कॅम्पात चाळीस मराठी माणसं. त्यांची पत्रं शुक्रवारी मीच लिहायचो, म्हणून मी सगळ्यांचा मास्तर.

संपत वेल्डर. खेडकडच्या डोंगरातला, काटक, कमी बोलणारा. त्याची एक खोड होती. मेसमध्ये तेलाचा डबा रिकामा झाला की खिळा ठोकून त्याच्या बुडाला भोकं पाडायची. आमचा आचारी हाफिज, मूळचा हैदराबादचा, वैतागून म्हणायचा, "अरे मियाँ, डब्बे ने तेरा क्या बिगाडा?" संपत पुढचं भोक पाडायचा.

दर महिन्याला तो माझ्याकडून दोन पत्रं लिहून घ्यायचा. एक स्वतःच्या घरी. दुसरं लक्ष्मीबाई मावशीला, पण तिच्या मुलाच्या नावाने. हा मुलगा महिपती म्हणे पलीकडे दुखानला तेलाच्या विहिरींवर होता. त्याला सुट्टी मिळत नाही आणि लिहिता येत नाही. दिवाळीला मावशीला महिपतीकडून लुगडंही जायचं. मी रोजची हजेरी मांडणारा माणूस. जो दोन वर्षांत एकदाही दुखानहून इकडे फिरकला नाही तो दुखानला नसणार, एवढं मला कळत होतं. पण विचारलं नाही. पत्रं झकास उतरत होती. मला त्यात गोडी लागली होती. महिपतीला मी दुखानला एक मांजरसुद्धा पाळून दिलं होतं. पिवळं, एका कानाला फाटलेलं. मावशीला ते फार आवडलं, असं उलट टपाली आलं होतं.

त्या गुरुवारी दुपारच्या चहाला हाफिजने रेडिओ कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. इजिप्त-इस्रायलची लढाई तिसऱ्या आठवड्यात होती. रशिया तिथे आपलं सैन्य उतरवणार अशी हवा होती आणि अमेरिकेने जगभरच्या फौजा सज्ज केल्या होत्या, अणुबॉम्बसकट.

"खलास," हाफिज म्हणाला. "सब खलास."

"पहिला बॉम्ब इथंच," पोपटराव मुकादमाने निकाल दिला. "शेजारी तेलाच्या जहाजांचा धक्का हाय. अमेरिकेचं तेल बंद केलंय ह्या अरबांनी. ती गप बसतीय व्हय?"

"मग उद्याची सुट्टी पक्की?" कुणीतरी विचारलं.

"पक्की. कायमची. फायनल सेटलमेंटसकट."

लोक हसले, पण कपातला चहा तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी संपतच्याच वाडीचा निवृत्ती फिटर दोह्याहून मुंबईच्या बोटीने सुट्टीवर निघणार होता. आमच्यात पद्धत अशी होती की सुट्टीवर जाणाऱ्याने कॅम्पाचा एकुलता एक टेपरेकॉर्डर बरोबर न्यायचा. ज्यांनी कॅसेटी भरल्या असतील त्यांच्या घरोघरी जायचं, ओटीवर मशीन मांडायचं, कॅसेट वाजवायची आणि घरच्यांचं बोलणं भरून आणायचं. ऐकायला घरचेच नाहीत, अख्खी वाडी जमायची. म्हणून कॅसेटीत सगळे एकच बोलायचे: मी बरा आहे, तुम्ही बरे असा, बैलाला जपा. निवृत्तीला मात्र प्रत्येक घरी कोंबडीचं जेवण.

संपत माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"मास्तर, माझी एक कॅसेट भरा. मावशीला."

"मावशीला? कुणाच्या नावाने?"

"माझ्या."

मी बटण दाबलं. तो मशीनकडे न बघता बोलला. "मावशी, मी संपत. अडुसष्ट साली चोरून आणणाऱ्या लाँचवाल्याने मला नि महिपतीला रात्रीचं इथल्या किनाऱ्यापासून लांब उतरवलं. म्हणाला, पोहा. दोघांत एक रिकामा तेलाचा डबा होता. महिपतीने तो मला दिला. तुला ठाऊक आहे, मला पोहायला येत नाही. बराच वेळ तो बाजूने पोहला. मग दमला नि त्याने डब्यावर हात ठेवला. डब्याला दोघं पेलेनात. मी त्याचा हात काढला, मावशी. एकेक बोट काढलं. पत्रं माझीच होती."

सहा वाजता ट्रक निघाला आणि कॅसेट निवृत्तीच्या पिशवीतून गेली. मी संपतला अडवलं नाही. मला वाटलं, मरताना माणसाला एवढं तरी करू द्यावं. त्या संध्याकाळी बाकीच्यांनी ताटं अर्धी टाकली, आणि संपतने हाफिजकडे दोनदा वरण मागितलं. त्याला एवढा मोकळा मी आधी कधी पाहिला नव्हता.

शुक्रवारी रेडिओने सांगितलं, दोघेही मागे सरले. रशियाचं सैन्य उतरणार नव्हतं, अमेरिका आपल्या फौजा सैल करत होती. हाफिजने शिरा केला. पोपटराव प्रत्येकाला मिठी मारत फिरला. संपतच्या ताटात शिरा गार झाला.

"मास्तर," तो म्हणाला, "बोट परत फिरवता येते का हो?"

"कुणाची? अमेरिकेची?"

"निवृत्तीची."

तार करायची अक्कल माझी. शनिवारी मी दोह्याला गेलो आणि निवृत्तीच्या घरच्या पत्त्यावर तार ठोकली: संपतची कॅसेट वाजवू नये. कमीत कमी शब्दांत काम झालं म्हणून मी स्वतःवर खूशही होतो.

पुढचे अडीच महिने संपत डब्यांना भोकं पाडत राहिला. आता रिकाम्यांनाच नाही. एकदा भरल्या डब्यालाही पाडलं आणि मेसभर तेल झालं. हाफिज कपडा घेऊन पुसत बसला.

जानेवारीत निवृत्ती परतला. त्याने सांगितलं ते असं. आमच्याकडे तार म्हणजे मरणाची बातमी. बोट समुद्रात असतानाच तार गावी पोचली आणि बायकोने ती न उघडताच हंबरडा फोडला. वाडी गोळा झाली. पोस्टमास्तरांना बोलावून सगळ्यांदेखत तार वाचून घेतली. निवृत्ती जिवंत निघाला, पण संपतच्या कॅसेटीत काय आहे, हा प्रश्न गावाला लागला. चार दिवस दुसरं बोलणं नव्हतं.

"मी यष्टीतून उतरलो तर साठ माणसं हो मास्तर," निवृत्ती म्हणाला. "म्हातारी सगळ्यांच्या पुढं बसलेली. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. ती म्हणाली, वाजव. माझ्या नावाची आहे ना, वाजव."

"मग?"

"मग काय. वाजवली. कोंबडा आरवला तेवढाच आवाज मधे. कुणी रडलं पण नाही."

त्याने मशीन टेबलावर ठेवलं आणि मावशीचं उत्तर लावलं. संपत दाराशी उभा होता. 

"संपता," मावशीचा आवाज आला, "तुला पोहायला येत नव्हतं. निघताना मीच त्याला बजावलं होतं, ह्याचा हात सोडू नको. त्याने ऐकलं माझं."  फीत फिरत राहिली. मग हळूच, जणू शेजारचं कुणी ऐकेल म्हणून, "आणि ते मांजर रे? ते तरी होतं का?"

संपत माझ्याकडे बघत होता. मी बटण बंद केलं.

आता हिशेब. अमेरिकेने फौजा माघारी बोलावल्या, तिचं काही गेलं नाही. रशिया उतरलाच नाही. निवृत्तीला तेवीस घरची कोंबडी मिळाली, एका घरी मात्र तो जेवला नाही. संपतने कबुली दिली आणि त्याला माफी मिळाली. तीच त्याला पेलली नाही, तो भाग वेगळा. मी मांजर फुकट पाळलं होतं.

लक्ष्मीबाईने एका सकाळी मुलगा दिला, मांजर दिलं, आणि मुलाला बुडवणारा शब्द आपलाच होता म्हणून स्वतःच्या नावावर लिहून घेतला. सगळ्यांचं देणं तिने भरलं.