ब्लाझेनाची कोरी फळी

येसेनोव गावच्या धावपट्टीवर विमानांच्या मोठ्या शेडला लागूनच ब्लाझेनाची कार्यशाळा होती, आणि त्या कार्यशाळेच्या भिंतीवर दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर तिच्या गुरूच्या, म्हाताऱ्या हिनेकच्या, तीन बाटल्या उभ्या होत्या. खालची फळी ब्लाझेनाची. ती कोरी होती.

मोराव्हियाच्या त्या भागात चालच अशी. पॅराशूटमुळे ज्याचा जीव वाचला, त्याने ज्या हातांनी त्याची घडी घातली त्या हातांना घरच्या आलुबुखारांची कडक दारू, स्लिवोवित्स, आणून द्यायची. अर्धी बाटली सगळ्यांनी मिळून संपवायची आणि उरलेली अर्धी फळीवर ठेवायची. तिला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. हिनेकची पॅराशूटं तीनदा उघडली होती. ही काही पाठीवर बांधायची पॅराशूटं नव्हेत. ती सीटच्या मागे, विमानाच्या पोटात असतात. दोन सीटांमधली लाल मूठ ओढली की एक छोटं रॉकेट सुटतं, पॅराशूटला बाहेर खेचतं, आणि अख्खं विमान माणसांसकट छत्रीखाली लोंबकळत जमिनीवर येतं. दर सहा वर्षांनी ते काढून टांगायचं, वाळवायचं, दोरी न् दोरी बोटांखालून घालायची आणि पुन्हा घडी घालून, दाबून डब्यात बसवायचं. हिनेक वारल्यापासून हे सगळं ब्लाझेना करत होती. तिचं एकही पॅराशूट आजवर उघडलं नव्हतं.

उघडायची वेळच कुणावर आली नव्हती, हे खरं. पण हे खरं वैमानिकांच्या क्लबातल्या पुरुषांना कोण सांगणार? अध्यक्ष रादोवान कार्यशाळेत डोकावला की त्याचं ठरलेलं वाक्य असायचं, "ब्लाझेना, तुझी फळी धूळ पुसायला फार सोयीची आहे बघ." ती म्हणायची, "तू पड एकदा, लगेच भरते." मग दोघं हसायची. पण त्या वसंतात दोघा वैमानिकांनी आपली पॅराशूटं गुपचूप शहरातल्या कार्यशाळेत नेली. तिथली फळी म्हणे भरलेली होती. ते कळल्यावर तिला हसू आलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, जी कुणाला सांगायची सोय नव्हती. तिला ती बाटली हवी होती. मनापासून हवी होती. आपल्या हाताचं काम खरंच उघडतं का, हे एकदा तरी डोळ्यांनी बघायचं होतं. आणि बाटली हवी म्हणजे कुणीतरी आकाशातून पडायला हवं, हे लक्षात आलं की ती स्वतःला दोन शिव्या हासडायची आणि इस्त्री केल्यासारखी घडीवर हात फिरवत बसायची.

जूनमध्ये वेंदेलिन आपलं विमान घेऊन तिच्या दारात आला. जन्मभर सहकारी शेतीवर कापणीयंत्र चालवलेला, सत्तरी ओलांडलेला गडी. डोक्यावर कायम तीच चपटी टोपी. विमानात बसला की ती टोपी काढून लाल मुठीवर अडकवायची, ही त्याची खोड सगळ्यांना ठाऊक होती. पॅराशूटची सहा वर्षं भरली होती, म्हणून ब्लाझेना कामाला लागली. टोपी बाजूला केली आणि ती थबकली.

मुठीत पिन होती. लाल फितीची लोखंडी पिन. विमान जमिनीवर असताना रॉकेट चुकून सुटू नये म्हणून ती मुठीत घालून ठेवतात आणि उडण्याआधी काढतात. ही निघेना. ब्लाझेनाने बोटांनी ओढली, मग पकडीने ओढली. शेवटी गंजाची भुकटी सांडत, करकरत ती बाहेर आली. फितीची वरची बाजू उन्हाने गुलाबी पडली होती, आतली घडी मात्र नव्यासारखी लालभडक.

ब्लाझेना विमानाच्या पायरीवर बसली. ही पिन सहा वर्षांत एकदाही निघाली नव्हती.

"वेंदेलिनकाका, ही पिन शेवटची कधी काढली होती?"

"काढतो की."

"कधी?"

"आत्ता तू काढलीस ना? झालं तर मग."

म्हातारा शेडच्या छपराकडे बघत होता. छपराला एके ठिकाणी वेगळ्या रंगाच्या पत्र्याचं ठिगळ होतं. पूर्वी कुणीतरी विमान धुताना पिन न घालताच मूठ ओढली होती आणि रॉकेट छप्पर फोडून गेलं होतं. वेंदेलिन तेव्हा दोन हातांवर उभा होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हा तर ताकाला शिवायलाच तयार नव्हता.

"माझ्या कानावरून गेलं ते, पोरी. असली वस्तू पाठीशी घेऊन बसतो हेच पुष्कळ. तिला कुलूप नको का?"

"जमिनीवर हवंच. पण वर आकाशात कशाला? तिथे कोण चोर येतोय?"

त्या पॅराशूटची एकेक घडी ब्लाझेनाला आठवत होती. सहा वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, तरी हातमोजे घातले नव्हते, कारण हातमोज्यातून दोरीची गाठ कळत नाही. आणि या बाबाने ते सगळं कुलूपबंद करून सहा वर्षं नुसतं ओझं म्हणून आकाशात हिंडवलं होतं. मूठ ओढली असती तर काही म्हणजे काही झालं नसतं. ती त्याला तसं म्हणाली. मोठ्याने नाही, पण म्हणाली.

मग आठवडाभर ती आपल्या कामात बुडाली. पॅराशूट टांगलं, वाळवलं, घडी घातली, नवं रॉकेट बसवलं, आणि शेवटी एक जास्तीची गोष्ट केली. नवी पिन घेऊन ती इंजिनाच्या किल्लीला पोलादी तारेने जोडून टाकली. तार मुद्दाम आखूड ठेवली. पिन मुठीत असेल तर किल्ली तिच्या भोकापर्यंत पोचतच नव्हती. आधी पिन काढा, मगच इंजिन सुरू करा.

वेंदेलिन भडकला. "हे विमान माझं आहे."

"आणि पॅराशूट तपासल्याचा शिक्का माझा आहे," ब्लाझेना म्हणाली. "तार तोडलीत तर शिक्का परत घेईन."

ही वार्ता क्लबात पसरायला कितीसा वेळ लागणार? रादोवानने तर विचारलं, गाईच्या गळ्यात बांधतात तशी एखादी घंटाही बांधतेस का म्हणून. पॅराशूटं काही उघडत नाहीत, म्हणून बाई आता पिनांच्या मागे लागली, असंही तो चारचौघांत बोलला. ब्लाझेनाने ऐकलं आणि कानाआड केलं. हसणाऱ्यांचे दात मोजण्यात काय हशील?

पण शिक्क्याशिवाय उडता येत नाही, आणि वेंदेलिनला त्या उन्हाळ्यात उडायचंच होतं. त्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. बायको ओतिला, जी जन्मात कधी विमानात बसली नव्हती, ती या निमित्ताने एकदाची तयार झाली होती. ऑगस्टमधल्या जत्रेला डोंगरापलीकडे तिच्या बहिणीच्या गावी जायचं होतं. नवऱ्याचा डबा घेऊन ती शेडमध्ये आली तेव्हा हे भांडण तिच्या कानावर पडलं. तिने डबा खाली ठेवला, नवऱ्याकडे एक नजर टाकली (त्या नजरेनेच त्याची टोपी हातात आली) आणि ब्लाझेनाला विचारलं, "ती मूठ ओढतात कशी, ते मला दाखव."

कार्यशाळेच्या कोपऱ्यात ब्लाझेनाने एका मोडीत निघालेल्या विमानाची सीट आणि मूठ ठेवली होती. मुठीमागे ओढीचा जोर दाखवणारा स्प्रिंगचा काटा. वैमानिकांनी यावं, ओढून बघावं, असा तिचा आग्रह असायचा आणि कुणी येत नसे. ओतिला बसली. तिने ओढलं. काटा जेमतेम अर्ध्यावर गेला. दारात जमलेले पुरुष खुसखुसले.

"मनगटाने नाही, काकू," ब्लाझेना म्हणाली. "दोन्ही हात घ्या. तुम्ही शेतात बीट उपटायचात ना? तसं. कमरेतून."

ओतिलाने उभ्या आयुष्यात किती गाड्या बीट उपटलं असेल कोण जाणे. तिने स्कर्ट सावरला, पाय रोवले आणि असा काही हिसका दिला की काटा टोकाला जाऊन आपटला आणि सीटचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला. दारातलं खुसखुसणं थांबलं.

"लग्नाच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं," वेंदेलिन पुटपुटला.

जत्रेच्या सकाळी दोघं उडाली. किल्ली लावण्याआधी म्हाताऱ्याने पिन उपसली आणि लांबूनच ब्लाझेनाला दाखवली. जिभेने वेडावून दाखवावं तशी. टोपी त्याने डोक्यावरच ठेवली होती.

संध्याकाळी क्लबाच्या अंगणात निखाऱ्यावर सॉसेज भाजत होते. ब्लाझेना बाकावर बसली होती. ऊन कलतं होतं आणि दरीवर करकोच्यांचा थवा गोल गोल चढत होता. दक्षिणेकडे निघायच्या आधी तिथे ते दरवर्षी जमतात. तेवढ्यात डोंगराच्या कडेवरून वेंदेलिनचं विमान आलं, आणि आलं ते कलत्या सूर्याकडे तोंड करून. त्याला थवा दिसला नसावा. खालून सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच काही करता येत नव्हतं. रादोवान रेडिओकडे धावला. तो पोचण्याआधीच विमानाचं नाक झटक्याने वर गेलं, एक पंख खाली कलला आणि ते गिरक्या घेऊ लागलं.

ब्लाझेना उभी राहिली. नको, ती मनात म्हणाली, बाटली नको, फळी नको, जन्मभर कोरी राहू दे, ही दोघं खाली येऊ देत. प्रत्येक घडी तिच्या बोटांतून पुन्हा एकदा सरकत गेली. ती दोरी नीट होती ना? तो पट्टा पिळला तर नव्हता ना?

विमानाच्या पाठीवर पांढऱ्या धुराची रेघ उमटली. त्या रेघेमागून एक लांब, मिटलेली कापडी पट्टी सुटली, क्षणभर तशीच फडफडली आणि फुलली. नारिंगी-पांढरी, गोल, भरगच्च. गिरक्या थांबल्या. विमान पाळण्यासारखं दोनदा झुललं आणि शांतपणे आलुबुखारांच्या बागेकडे उतरू लागलं. अंगणात कुणाच्यातरी हातातून प्लेट पडली. ब्लाझेनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "उघडलं," ती म्हणाली. "माझं उघडलं." आणि मग ती धावत सुटली.

बागेत पोचेपर्यंत अर्धा क्लब तिच्या मागे होता. विमान दोन झाडांच्या मध्ये तिरपं अडकलं होतं, पॅराशूट फांद्यांवर पसरलं होतं आणि पिकलेली आलुबुखारं अजून टपटप गळत होती. वेंदेलिन गवतात बसला होता. कपाळावर खोक, चेहरा रक्ताने आणि फळांच्या रसाने माखलेला. ओतिला त्याच्या कपाळाला आपला रुमाल दाबून धरत होती. बहिणीने दिलेला केकचा डबा तिच्या मांडीवर शाबूत होता.

करकोचा पुढची काच फोडून आत आला होता. दुसऱ्याने पंख मोडला. काच लागून रक्ताने वेंदेलिनला काही दिसेनासं झालं, तरी त्याने सुकाणूचा दांडा धरून ठेवला होता.

"हा मला म्हणतो, थांब, मी सांभाळतो," ओतिलाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "म्हटलं, पन्नास वर्षं थांबले की. आणि ओढली."

वेंदेलिनने चाचपडत ब्लाझेनाचा हात शोधला. "पिन असती तर..." एवढंच तो म्हणाला. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. नव्हती ना, काका, ती म्हणाली, नव्हती.

पुढच्या शनिवारी ओतिला कार्यशाळेत आली. मागे कपाळाला टाके घातलेला वेंदेलिन, तिच्या काखेत कोळीष्टकं पुसलेली बाटली. ती काल-परवाची नव्हती. दोघांच्या बापांनी मिळून लग्नासाठी गाळलेल्या स्लिवोवित्समधली शेवटची बाटली, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला फोडायची म्हणून तळघरात जपून ठेवलेली. ब्लाझेना नको म्हणाली, ती तुमची आहे, घरी ठेवा. ओतिलाने बूच दातांनी उपटलं आणि विषय संपवला. अर्धी संपेपर्यंत क्लबातल्या सगळ्यांनी घोट घेतला. नंतर वेंदेलिनने खिशातून तारेतून सोडवलेली पिन काढली आणि तिची लाल फीत बाटलीच्या गळ्याभोवती बांधली. गाठ त्याला नीट जमेना, तरी कुणाला हात लावू दिला नाही.

दारात रांग लागली होती. शहरात गेलेले ते दोघे अगदी मागे, मान खाली घालून. सगळ्यांच्या हातात आपापल्या विमानाच्या किल्ल्या होत्या आणि सगळ्यांना तार हवी होती. रांगेत सगळ्यात पुढे रादोवान.

"तुला घंटाही हवी असेल ना?" ब्लाझेनाने विचारलं.

"मिळाली तर बांध," तो म्हणाला. तो हसत नव्हता. "मीही काढत नव्हतो, ब्लाझेना. कधीच नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. हसणाऱ्यांतली आणखी किती जणं अशी मुठीला कुलूप घालून उडत होती, ते रांगेतल्या खाली गेलेल्या नजरांवरून तिला कळलं. तिने त्याला कोपऱ्यातल्या मोडक्या सीटवर बसवलं आणि मूठ ओढायला लावली. काटा अर्ध्यावर अडकला. ओतिला पुढे झाली, रादोवानचे हात धरून तिने मुठीवर नीट ठेवले आणि बीट कसं उपटतात ते त्याला पहिल्यापासून शिकवू लागली.

ब्लाझेनाने बाटली खालच्या फळीवर ठेवली. कडेला नाही, बरोबर मधोमध. मग तिने पकड उचलली आणि रादोवानच्या किल्लीसाठी पहिली तार कापली.