दोरवाल्याच्या लेकीची वेणी

मावशी पेटी घेऊन आली तेव्हा दोरवाला उलटा चालत होता. हसू नका, दोर वळणारा माणूस उलटाच चालतो. एका टोकाला चाक, चाकाच्या आकड्यात वाख, म्हणजे घायपाताचे धागे, अडकवायचा, आणि कमरेच्या जुडीतून थोडा थोडा वाख सोडत मागं मागं जायचं. चाक दुसऱ्यानं फिरवायचं. आधी त्याची बायको फिरवायची. ती गेली तेव्हा लेक वर्षाची. मग शेजारीण म्हणून मी फिरवलं, आणि पोरीचा हात पुरायला लागला तशी तिनं. बापाचं बघून पोर आधी मागं चालायलाच शिकली. पुढं चालायची ती फक्त परत यायला.

पोर कशी वाढवायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवला होता तो दोर. झगा फाटला की हा पोत्याच्या सुईनं शिवायचा. कापड विरून जायचं, शिवण जागची हलायची नाही. वेणी मी घालते म्हटलं, तर म्हणाला, "आजी, तुमची वेणी दुपारी सुटते. माझा माल परत येत नाही."

वेणी चार पदरांची. प्रत्येक पदर उजवीकडं पिळलेला, सगळे मिळून डावीकडं, आणि शेवटी बैलाला घालतात ती गाठ. त्या वेणीला धरून एकदा माझी म्हैस विहिरीतून वर काढली. एक केस इकडचा तिकडं झाला नाही. पोरीच्या मानेचं विचारू नका, गोष्ट वेणीची आहे.

तर मावशी. पोरीच्या आईची थोरली बहीण. पोर आठ वर्षांची झाली तरी बापाकडंच, हे तिला बघवत नव्हतं. बाई वाईट नव्हती, पण सुंभ जळेल आणि पीळ जाणार नाही अशातली. पोरीला कायमची न्यायला आले म्हणाली. घरात आरसा आहे, शाळा दारात आहे, मुलीला बाईमाणूस लागतं. "उद्या ही मोठी होईल, तेव्हा तुम्ही काय सांगणार हिला? पीळ कसा द्यायचा ते?"

दोरवाल्याला ते खरं वाटत होतं, हीच तर पंचाईत. आत गेला, पोरीचे दोन झगे आणले आणि स्वतःच्या हातानं पेटीत ठेवले. मग मला म्हणाला, "आजी, चाक धरा," आणि परत मागं चालायला लागला.

मावशीनं पोरीला ओट्यावर पुढ्यात घेतलं. "आधी ही वेणी सोडते, मग निघू. अशी नेली तर लोक विचारतील, कुणाचं वासरू सुटलं."

बस दुपारची होती. मावशी सकाळीच भिडली. ओढलं, गाठ आवळली. फणीचे सात दात गेले. तेल झालं, दाभण झालं, शेवटी मावशीनं स्वतःचे दात लावले. पोर देवळातल्या मूर्तीसारखी गप्प. दोरवाला एकदाही वळून बघत नव्हता, पण त्या दिवशीचा दोर कुठं मनगटाएवढा तर कुठं सुतळीएवढा. अजून माझ्याकडं आहे, म्हशीलाही लाज वाटते त्याची.

मावशीनं कात्री काढली. पोरीनं वेणीवर हात ठेवला. "कापायची नाही. बाबांनी घातलीय."

मावशीनं कात्री खाली ठेवली. तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. वेणी सोडल्याशिवाय नेणार नाही हे मावशी स्वतःच्या तोंडानं बोलली होती, आणि बोललेलं गिळणं तिच्या घराण्यात नव्हतं. उठली. दोरवाल्यापाशी थांबली. "रोज घालता ही?"

"रोज. सकाळी अर्धा तास, अक्का."

"माझ्या बहिणीनं एवढा वेळ बसवलं नसतं हिला," म्हणाली, पेटी उचलली आणि बस गाठली.

बसचा धुरळा बसला तसं पोरीनं गाठीत अंगठा खुपसून टोक आत ढकललं. वेणी पाठीवर मोकळी झाली. दोरवाला चालायचा थांबला. त्याला वाटायचं, ती गाठ पंचक्रोशीत त्याला एकट्यालाच सोडता येते.

"कधी शिकलीस?"

"रोज तुम्ही सोडता, ते काय माझ्या पाठीला कळत नाही?"

"मग मावशीला सांगायचंस."

"तिनं विचारलंच नाही. नुसती ओढत होती."

दोरवाल्यानं नाक शिंकरलं. वाखाची धूळ फार असते. मग पोरीनं माझ्या हातातून चाक घेतलं आणि तो मागं चालायला लागला.

झगे पेटीतच राहिले होते, हे नंतर आमच्या ध्यानात आलं. आठवड्यानं बसच्या ड्रायव्हरनं पुडकं आणून टाकलं. दोन्ही झगे धुतलेले, बटणं नवी, खाली वीतभर कापड वाढवलेलं, म्हणजे अजून दोन वर्षं पुरतील. पोत्याच्या सुईची शिवण मात्र तशीच. उसवायला बघितलेलं दिसत होतं.